कुकरमधली बॅटरी

रविवार, १ फेब्रुवारी

मैदानाच्या फाटकावर आज नोटीस चिकटवलेली होती. एक मार्चपासून धूर सोडणाऱ्या गाड्या बंद. भिंतीपलीकडे दम्याच्या रुग्णांचा वॉर्ड सुरू झालाय, त्यामुळे भांडायलाही तोंड उरलं नाही. आम्ही पाच-सहा पन्नाशीचे बाप्ये हातात रिमोट घेऊन वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे उभे होतो.

माझा ट्रक अकरा वर्षांचा. दीड हात लांब, चाकं बशीएवढी, नायट्रो इंधनावर चालणारं मुठीत मावणारं इंजिन. सुरू झालं की दोन गल्ल्यांपलीकडची कुत्री भुंकायला लागतात. आठवडाभर मी चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासतो आणि फ्रेममध्ये बसवतो. तेवीस वर्षं झाली. रविवारची सकाळ तेवढी ट्रकची. ती गेली तर माझ्याकडे माझं असं काय राहतं, हे मला माहीत नाही.

शॉक म्हणाला, "बॅटरीवर घे की! ब्रशलेस मोटर टाक, आयुष्यभराची कटकट मिटेल." शॉक हा आमच्यातलाच एक, विजेच्या स्कूटर दुरुस्त करतो. झटके इतक्यांदा खाल्लेत की त्याचं खरं नाव आता कुणी घेत नाही.

मी हो म्हणालो आणि घरी पोचेपर्यंत तळहातांना घाम फुटला. दुकानाशेजारच्या मोबाइलवाल्याच्या टेबलावर एक फुगलेली बॅटरी पेटताना मी पाहिली आहे. आधी शिट्टीसारखा आवाज, मग पांढरा धूर, मग तो माणूस खुर्चीसकट मागे. ती बिस्किटाएवढी होती. माझी विटेएवढी असणार.

मी भित्रा आहे. लिफ्टमध्येही एकटा जात नाही. म्हणून ही वही काढली. रोज काय केलं, किती वेळ केलं ते लिहीन. चूक झालीच तर कुठे झाली ते निदान कळेल.

बुधवार, ४ फेब्रुवारी

सहा ते आठ. इंजिन उतरवलं. टाकी, धुराची नळी, क्लच, सगळं निघालं. ट्रकच्या पोटात मोठं भगदाड दिसतंय.

अकरा वर्षांच्या तेलाचा काळा चिकट थर प्रत्येक भागावर आहे. शॉकने बजावलंय की मोटर बसवायच्या आधी सगळं लख्ख हवं. इंधनाचे सहा डबे शिल्लक आहेत, ते आता कोण घेणार? आणि हा थर त्या इंधनानेच निघतो, हे आम्हा नायट्रोवाल्यांना कुणी शिकवावं लागत नाही. ट्रेमध्ये ओतलं, दातांचा जुना ब्रश घेतला आणि बसलो घासत. हातमोजे घालून पाहिले, पण बारीक स्क्रू बोटांना कळेना. काढून ठेवले.

ही दारात येऊन म्हणाली, "अहो, केवढा उग्र वास मारतोय!"

"अकरा वर्षं मारतोय. तुला आज कळला?"

"अकरा वर्षं तो मैदानात होता. आज घरात आहे."

मला स्वतःला काही कळत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या त्या सर्दीत माझं नाक गेलं ते गेलंच. दूध नासलंय हेसुद्धा बायकोच सांगते.

शनिवार, ७ फेब्रुवारी

बॅटरी आली. शॉकने स्वतः आणून दिली आणि अर्धा तास दम भरला. टोचायची नाही, आपटायची नाही, उलटी जोडायची नाही, फुगली तर हात लावायचा नाही, चार्ज होताना सोडून जायचं नाही. मी प्रत्येक वाक्य लिहून घेतलं.

ठेवायची कुठे, हा प्रश्न. शेवटी हिचा जुना मोठा कुकर मागितला. शिट्टी आणि रबर काढलं, तळाला वाळू घातली, त्यात बॅटरी.

"किती शिट्ट्या करू?" हिने विचारलं.

हिला सगळ्याची चेष्टा सुचते. मी कुकर गॅलरीत नेऊन ठेवला. मग माझ्या लक्षात आलं की कुकर खिडकीखाली आहे आणि खिडकीच्या आत, माझ्या खोलीत, इंधनाचे डबे आहेत. ठिणगी उडून आत आली तर संपलंच. म्हणून गॅलरीचं दार बंद, खिडकी बंद, फटीत जुना टॉवेल कोंबला. आता मी आत इंधनाशी आणि ती बाहेर वाळूत. दोघांची गाठ पडायला नको. घराकडचं दार हिने वासामुळे आपणहून ओढून घेतलं. हे पाहून फार दिवसांनी जरा सुरक्षित वाटलं.

पाच ते आठ धुलाई. एक डबा संपला.

मंगळवार, १० फेब्रुवारी

डोकं दुखतंय. कालही दुखत होतं. भीती अशी डोक्यात चढते हे मला ठाऊक आहे, मुलीच्या परीक्षेच्या वेळीही असंच व्हायचं. खोलीतून उठलो तर भिंत धरावी लागली.

दुपारी काच घासताना कड जरा दुहेरी दिसली. घाबरलो. बाहेर गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून दुकानात डोळे तपासायला येणाऱ्या डॉक्टरबाईंच्या खुर्चीत बसलो आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचली. वरच्या मोठ्या अक्षरापासून खालच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत, एकही चूक नाही. डोळे ठणठणीत आहेत. दोष मनाचा आहे.

सहा ते आठ. गिअरबॉक्स उघडून इंधनात भिजत ठेवला. ट्रे तसाच राहू दिला.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

मोटर बसवली. लिंबाएवढी दिसते, पण शॉक म्हणतो इंजिनाच्या दुप्पट जोर आहे. मोटरच्या टोकाचं छोटं दातेरी चाक ट्रकच्या मोठ्या दातेरी चाकाला लावायचं असतं. घट्ट लावलं तर दाते जळतात, सैल लावलं तर तुटतात. युक्ती अशी की दोन्हींच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालायची, दाबून मोटर आवळायची आणि पट्टी फिरवून काढून घ्यायची. तेवढीच फट बरोबर. काय सुंदर काम आहे! पाऊण तास मला भीती वाटली नाही.

मात्र फट डोळ्यांनी नीट दिसेना, बोटाने हलवून पाहिली. दिवा मंद झालाय. हिला म्हणालो, बल्ब बदलायला हवा.

"परवाच तर बदललाय," ही म्हणाली.

हातांची कातडी पांढरी पडून सोलतेय. जेवण जाईना. तिसरा डबा संपला.

रविवार, १५ फेब्रुवारी

आज मैदानावर गेलो नाही. नऊ ते बारा बॅटरीच्या तारा जोडल्या, म्हणजे टोकाला कथील वितळवून पितळी जोडणी डाखली. ह्याची मला सगळ्यात जास्त धास्ती होती. एक तार लाल, एक काळी, उलटी लागली की मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर जळणार आणि त्याच्याबरोबर बाकीचंही. रबरी हातमोजे घातले, डोळ्यांवर जाड चष्मा चढवला, इंधनाचा ट्रे झाकून कोपऱ्यात सरकवला, पाण्याची बादली बाहेर आणि वाळूची आत.

पहिली तार जोडून झाली तेवढ्यात ही चहा घेऊन आली. नाकाला पदर लावून वाकून बघत राहिली.

"लाल लालला लावायची असते ना?"

"अर्थात."

"मग ही काळी का लावलीत?"

मी बघितलं. मला ती लाल वाटत होती. खिडकीच्या काचेशी नेऊन पाहिली तेव्हाही चटकन सांगता येईना, काळपट लाल, लालसर काळी, काय ते. बॅटरीची भीती माझ्या हातून हे असं करवून घेतेय. दुसऱ्यांदा जोडताना हिला शेजारी बसवलं आणि प्रत्येक तार तिने हातात दिली. तिला दहा मिनिटांत मळमळायला लागलं, ती बाहेर गेली.

"तुम्हाला काही होत नाही का हो त्या खोलीत?" बाहेरून विचारत होती.

मी म्हणालो, डाखण्याचा धूर असेल.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

दुकानात नाचक्की झाली. एका बाईंच्या चष्म्याची डावी काच वाकडी बसली. कोन चुकला. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी काच उजेडाकडे धरली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

काच बसवणाऱ्याचे डोळे गेले की त्याला दुकानात काय काम? हा विचार दिवसभर डोक्यातून जात नव्हता. सगळे गेल्यावर पुन्हा तक्त्यासमोर बसलो. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी अक्षरं अचूक. अगदी धडाधडा. मग काच का चुकली?

सहा ते आठ धुलाई. चौथा डबा संपत आला. डॉक्टरबाईंना काही बोललो नाही. त्या गुरुवारी आणि रविवारी बसतात, ह्या गुरुवारी रजेवर आहेत. बरंच झालं.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

आज पहिल्यांदा बॅटरी जोडली, ट्रक गॅलरीत नेऊन, इंधनापासून लांब.

शॉकने सांगून ठेवलं होतं की जोडताना ठिणगी पडते आणि चट् असा आवाज येतो, ते नेहमीचंच आहे. मी हातमोजे घातले, जाड चष्मा घातला, तोंड अर्धं फिरवलं आणि जोडणी दाबली. निळी ठिणगी! माझ्या तोंडून किंकाळी निघाली. ही धावत आली.

मोटर फिरली. ट्रकची चाकं हवेत फिरली, आणि आवाज नाही म्हणजे नाहीच, नुसती शीळ घातल्यासारखी बारीक सुरसुर. आनंद व्हायला हवा होता. पण तेव्हापासून डोळ्यांसमोर पांढरे ठिपके येताहेत. डोळे मिटले तरी आहेत. ठिणगीने डोळे भाजले असणार. चष्मा घातला होता, तोंड फिरवलं होतं, तरीही. मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं की ही बॅटरी माझं काहीतरी घेणार.

हिला सांगितलं नाही. ती उद्याच्या उद्या कुकरसकट फेकून देईल.

शनिवार, २१ फेब्रुवारी

अर्धी सुट्टी. उद्या मैदानात न्यायचा आहे. दोन ते सहा. उरलेले दोन्ही डबे टबात ओतले आणि अख्खा सांगाडा त्यात बुडवून शेवटचा हात फिरवला. कोपरापर्यंत हात आत. दार-खिडकी नीट बंद, टॉवेल पुन्हा एकदा चेपून बसवला, कारण आज बॅटरी पूर्ण चार्ज केलेली आहे आणि भरलेल्या बॅटरीचा मला भरवसा नाही.

चार वाजता उलटी झाली. सहा वाजता दुसरी. भीतीने माणसाला उलट्या होतात हे खरं आहे तर.

ट्रक मात्र नव्यासारखा दिसतो, असं ही म्हणाली. मला नीट दिसला नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

सकाळ. फार धुकं आहे. हिला म्हणालो, ऊन पडल्यावर निघू. ही म्हणते कुठे आहे धुकं. ओळ सरळ येते आहे का माही

सोमवार, २३ फेब्रुवारी

हे अक्षर माझं आहे. वही ह्यांची आहे. ह्यांच्या वहीला मी कधी हात लावला नाही, पण काल रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं की किती दिवस, रोज किती तास, किती डबे, तेव्हा हे म्हणाले, "वहीत आहे सगळं." मी घरी जाऊन आणली. डॉक्टरांनी पानं भराभरा वाचली आणि नर्सला हाक मारली. आता पुढचं मी लिहिते. चूक कुठे झाली ते कळायला हवं, असं ह्यांनीच पहिल्या पानावर लिहिलंय.

काल मी पहिल्यांदाच मैदानात गेले होते. ऊन लख्ख पडलं होतं. ह्यांनी ट्रक खाली ठेवला, रिमोट हातात घेतला. ट्रक सुटला तो उजवीकडे गेला आणि हे डावीकडे बघत होते. मला वाटलं, काहीतरी युक्ती असेल. इंजिनाचा असता तर कानांनी तरी कळला असता कुठे आहे तो. हा मुका. ह्यांचं बोट दाबलेलंच होतं. पलीकडे शॉकभाऊजी पाठमोरे उभे होते, ट्रक त्यांच्या पोटरीवर जाऊन आदळला आणि उलटा झाला.

शॉकभाऊजी लंगडत आले. "अरे, आंधळा झालास का?"

सगळे हसले. हे हसले नाहीत. रिमोट माझ्याकडे देत म्हणाले, "अगं, मला सगळं पांढरं दिसतंय."

रविवार होता, म्हणजे डॉक्टरबाई दुकानात होत्या. शॉकभाऊजींच्या स्कूटरवर मध्ये ह्यांना बसवून मागे मी, असे तिघं गेलो. बाईंनी खुर्चीत बसवलं आणि दिवा आणायला वळल्या, तोवर ह्यांनी आपणहून वाचायला सुरुवात केली. समोर बघून, न अडखळता, एकेक ओळ. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग म्हणाले, "बघा, डोळे ठीक आहेत. ठिणगीने जरा भाजलेत इतकंच."

भिंतीवर तक्ता नव्हता. बाईंनी सकाळीच तो पुसायला उतरवून टेबलावर ठेवला होता. खिळा होता नुसता.

मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे. मालक दारात उभे होते, ते आत आले आणि ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

बाईंनी डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं. मग ह्यांचे हात हातात घेतले, उलटसुलट केले, नाकाशी नेले. "हा वास कशाचा?"

हे म्हणाले, "बॅटरीला वास नसतो हो."

मी म्हणाले, "ट्रकच्या इंधनाचा. पंधरवडाभर त्यात हात घालून बसतात. खोली बंद करून."

बाईंनी तिथूनच रुग्णालयात फोन लावला. त्या इंधनातलं स्पिरिट कातडीतून आणि श्वासातून आत जातं आणि सगळ्यात आधी डोळ्यांची नस धरतं, असं त्यांनी मला वाटेत सांगितलं. रात्रीपासून सलाइन चालू आहे. रक्त धुवायच्या यंत्रावर एकदा ठेवलं, आज पुन्हा ठेवणार आहेत. डोळे किती परत येतील, ते आत्ता कुणी सांगत नाही.

वही आणायला गेले तेव्हा त्या खोलीत शिरले. रिकाम्या डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे, उघड्या हवेत वापरा, कातडीला लागू देऊ नका. तेवीस वर्षं हा माणूस लोकांना बारीक अक्षरं दिसावीत म्हणून काचा घासतोय. फटीतला टॉवेल मी ओढून काढला आणि खिडकी उघडली. खाली कुकर होता, शॉकभाऊजींनी ट्रकमधली बॅटरी आणून परत त्यात ठेवली होती. झाकण उचलून पाहिलं. आत काहीच झालेलं नव्हतं.

एक गोष्ट राहिली. मला पहिल्या दिवसापासून वास येत होता. मला मळमळत होतं म्हणून मी खोलीत जायचं बंद केलं. वास घरात येऊ नये म्हणून बाहेरून दार मी ओढून घेत होते. हेही लिहून ठेवते.

सोमवार, ९ मार्च

माझं अक्षर. जाड पेन, पानावर चार ओळी. बायको म्हणते बैलगाडी गेल्यासारखं दिसतं.

परवा घरी आलो. कडेचं बरं दिसतं, मधोमध पांढरा डाग आहे. समोरच्या माणसाचं तोंड बघायचं तर त्याच्या कानाकडे बघावं लागतं. डॉक्टर म्हणाले, महिना-दोन महिने वाट पाहू. पुढचं मी विचारलं नाही. मला फार भीती वाटते. पूर्वी वाटायची ती भीती कशाची होती, आता आठवून हसू येतं, पण हसत नाही.

हिने जे लिहिलंय ते तिनेच मला वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेदही. मी म्हणालो, "दार तू ओढलंस, खिडकी मी लावली. वाटून घेऊ." ती रडली. मग म्हणाली, "टॉवेल तुमचा. तो मी घेणार नाही."

मंगळवार, १७ मार्च

मालक येऊन गेले. काचांचं काम शिकलेला एक माणूस त्यांनी तात्पुरता ठेवलाय. "तात्पुरता" हा शब्द ते दोनदा बोलले. गेल्यावर मी बराच वेळ गॅलरीत बसलो, कुकरशेजारी. शॉक आठवड्यातून एकदा येऊन बॅटरी तपासतो. इतक्या दिवसांत ती एकदाही फुगली नाही, कोमटसुद्धा झाली नाही. मी तिच्यापासून स्वतःला किती जपलं!

शॉकला म्हणालो, मैदानात ने, चालव. तो म्हणाला, पोटरीवरचा डाग गेला की बघू.

रविवार, २२ मार्च

दुकानातला तक्ता माझ्या काही कामाचा नाही, म्हणून ही रोज सकाळी नवा करते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काळ्या पेनाने, वर मोठं अक्षर, खाली लहान लहान. अक्षरं मनाला येतील ती घालते आणि मला दाखवायच्या आधी पाठीमागे लपवते. ती कागद धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते, मी समोरच्या भिंतीला टेकून.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या ओळीवर अडलो होतो. बुधवारी तिसरी अर्धी झाली.

आज चौथी ओळ वाचली. पूर्ण. कागद हलत होता, तरी वाचली. पाचवीही सांगून टाकली आणि ही "अहो!" म्हणून ओरडलीच. पण नवीन अक्षरं सुचली नाहीत म्हणून पाचवी तिने कालचीच ठेवली होती, मी अडल्यावर तिनेच वाचून दाखवलेली. पाठ होती. ती ओळ हिशेबात धरली नाही.